वस्तीतला पाणी-सर्व्हे: विद्यार्थी संशोधनाच्या प्रकल्प नोंदी

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचे एका सत्राचे क्षेत्रकार्य. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, एकच मुख्य जलवाहिनी, दिवसाआड पाणी. वस्तीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. असे काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या गटांसाठी या नोंदी आहेत. त्यामुळे निष्कर्षांपेक्षा काम कुठे अडले आणि कसे सोडवले, हेच जास्त लिहिले आहे.

10 जून. प्रश्न कोणाचा

विभागात ठरलेला प्रश्न होता: "पाणीपुरवठ्याबाबत रहिवासी किती समाधानी आहेत?" त्यासाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टीही तयार होती. पहिल्या बैठकीत तो टिकला नाही. बायकांचे म्हणणे सरळ होते: पाणी कधी येणार हे माहीत नसते, म्हणून घरातले एक माणूस अडकून पडते. मोजायचेच असेल तर ते मोजा.

हा प्रश्न संशोधनाच्या दृष्टीनेही सरस आहे. समाधान अपेक्षेवर ठरते. वर्षानुवर्षे कमी पाणी मिळालेले घर "ठीक आहे" म्हणते आणि एक दिवस खंड पडलेले घर "अगदी असमाधानी" म्हणते. त्या सरासरीवरून पाणी खात्याने नेमके काय बदलायचे, ते कळत नाही. वाट पाहण्यात गेलेली मिनिटे गल्लीवार मांडली, तर वेळापत्रकाची मागणी करता येते. जुनी प्रश्नावली जवळजवळ सगळी बाद झाली. ती बैठकीच्या आधी तयार केली नसती, तर तेवढे कष्ट वाचले असते.

बैठकीबद्दल एक गोष्ट. पहिली बैठक वस्तीच्या पुढाऱ्यांमार्फत बोलावली होती. आलेले बहुतेक जण मुख्य वाहिनीजवळच्या घरांतले होते आणि त्यांना पाणी बरे येते. शेवटच्या गल्ल्यांसाठी दुसरी बैठक तिथल्या सार्वजनिक नळाजवळ घेतली. अडकून पडण्याचा मुद्दा त्या बैठकीतून आला.

18 जून. एथिक्स कमिटीचा अर्ज

एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनात लोकांचे हित जपले जाते का, हे पाहणारी समिती. तिच्याकडे द्यायचे संमतीपत्र दोन भरगच्च पानांचे झाले होते. मोठ्याने वाचून पाहिले, तर ऐकणाऱ्याचे लक्ष पहिल्या पानाच्या मध्यावरच सुटते. ते एका पानावर आणले. त्यात राहिले ते एवढेच: आम्ही कोण, काय विचारणार, किती वेळ लागेल, कोणत्याही क्षणी थांबता येते, नाव कुठे जाणार नाही, तक्रार कोणाकडे करायची. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत: "या सर्व्हेमुळे पाणी वाढेल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही." हे वाक्य गाळायचा मोह होतो, कारण ते ऐकून काही घरे नकार देतात. तरीही ते वाचायचेच. अपेक्षा वाढवून मिळवलेली मुलाखत म्हणजे फसवणूक आहे आणि तिचा भार पुढच्या गटावर पडतो.

सहीमुळे लोक बिचकतात. कोऱ्या कागदावर सही मागणारे पूर्वी येऊन गेलेले असतात. म्हणून तोंडी संमतीची परवानगी मागितली: विद्यार्थी पान वाचून दाखवेल, संमती मिळाल्याची नोंद स्वतःच्या सहीने करेल आणि पानाची प्रत घरात ठेवेल. फोटो, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि घराचे स्थान या तिन्हींची संमती वेगवेगळी घ्यायची. "सगळ्याला हो" असा एकच रकाना ठेवू नये.

14 जुलै. मंजुरी

कमिटीने एकदा शेरे मारून अर्ज परत पाठवला, त्याला दुरुस्तीसह उत्तर दिले आणि मंजुरी आली. सत्राचा एवढा भाग यात जातो हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे. मुख्य शेरा रास्त होता: घराचे जीपीएस स्थान ही ओळख पटवणारी माहिती आहे, ती का हवी? विचार केल्यावर ती नकोच असे ठरले. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे फोनचे जीपीएस बरेच भरकटते आणि घर शेजारच्या गल्लीत दाखवते. विश्लेषणाला गल्ली आणि मुख्य वाहिनीपासूनचा क्रम पुरतो. गोपनीयतेचा धोका पत्करून चुकीची माहिती गोळा करण्यात काहीच हशील नव्हते.

17 ते 22 जुलै. घरयादी

तयार यादी मिळत नाही, आणि मिळाली तर ती जुनी असते. गल्लीगल्लीतून चालत नकाशा हाताने काढला.

पहिल्या दिवशी दारांवर खडूने क्रमांक टाकायला घेतले आणि दुसऱ्या गल्लीतच विरोध झाला. दारावर क्रमांक पडणे म्हणजे पाडापाडीची मोजणी, असा लोकांचा अनुभव आहे. टाकलेले क्रमांक त्याच वेळी, लोकांसमोर पुसले. मग दारावर खूण न करता वहीत वर्णन लिहिण्याची पद्धत ठेवली: "गल्ली 4, उजवीकडून, निळा दरवाजा, बाहेर शिवणयंत्र". काम हळू झाले, पण पुन्हा त्या घरी जाताना हे वर्णन क्रमांकापेक्षा जास्त कामाला आले.

दुसरी अडचण दार आणि कुटुंब यांची. एका दारामागे माळ्यावर भाडेकरू असतात, तर कुठे एकच कुटुंब दोन खोल्यांत दोन दारांनी राहते. नियम ठरवला: स्वयंपाक एकत्र असेल तर एक कुटुंब. हा प्रश्न प्रत्येक दारी विचारायचा, पाहून अंदाज करायचा नाही. अंदाज केला की भाडेकरू सुटतात, आणि पाण्याचा सगळ्यात जास्त त्रास बहुधा त्यांनाच असतो, कारण नळ मालकाच्या ताब्यात असतो. यादी तपासून पक्की केल्यावर 612 कुटुंबे झाली.

25 जुलै. नमुना

95 टक्के विश्वासपातळी, 5 टक्के त्रुटी आणि प्रमाण 0.5 धरले की नमुन्याचा आकार काढण्याच्या सूत्रातून 384.16 येते. बरेच प्रबंध इथेच थांबतात आणि वस्ती कितीही लहान असली तरी "नमुना 384" लिहितात. 612 कुटुंबांसाठी मर्यादित समूहाची दुरुस्ती (समूह लहान असला की नमुनाही लहान पुरतो) लावायला हवी: 384.16 भागिले (1 + 383.16/612), म्हणजे 236.25. वर पूर्ण करून 237. बंद घरे आणि नकार मिळून 15 टक्के धरले तर 237 भागिले 0.85, म्हणजे 279 घरांची निवड.

मग अंतराचा, म्हणजे यादीतले दर कितवे घर घ्यायचे याचा प्रश्न. 612 भागिले 279 म्हणजे 2.19. ते पूर्णांकात 2 धरले तर 306 घरे होतात, 3 धरले तर 204. त्यामुळे अपूर्णांक तसाच ठेवला. यादृच्छिक सुरुवात 1.37 आली. त्यात दर वेळी 2.1935 मिळवत गेलो आणि प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकात नेला: 2, 4, 6, 8, 11 आणि पुढे. स्प्रेडशीटमध्ये हे एका सूत्राचे काम आहे.

यादी कोणत्या क्रमाने लावली हे इथे फार महत्त्वाचे. गल्लीवार आणि गल्लीत मुख्य वाहिनीपासून टोकाकडे अशी लावली, तर टोकाची घरे नमुन्यात आपोआप योग्य प्रमाणात येतात. आडनावाच्या क्रमाने लावली असती, तर हा फायदा गेला असता.

1 ऑगस्ट. पहिली पूर्वचाचणी

पूर्वचाचणी नमुन्याबाहेरच्या घरांत घेतली. जे जे कोसळले, ते इथे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात उपयोगी शिकवण याच दिवशी मिळाली.

"काल पाणी किती वाजता आले?" पाणी दिवसाआड, त्यामुळे जवळपास निम्म्या घरांचे उत्तर "आलेच नाही". ही उत्तरे शून्य धरून सरासरी काढली असती तर ती साफ चुकली असती. प्रश्न बदलला: "शेवटचे पाणी आले तो दिवस आठवा. त्या दिवशी…"

"कुटुंबप्रमुखाला विचारा" ही सूचना चुकीची ठरली. प्रमुख म्हणून पुढे आलेल्या पुरुषांनी वाट पाहण्याचा वेळ सांगितला आणि मागून पाणी भरणाऱ्या व्यक्तीने तो दुरुस्त केला. व्यक्ती निवडण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी 1949 मध्ये मांडलेली तक्तापद्धत (घरातल्या प्रौढांची यादी करून त्यातला एक तक्त्यावरून निवडणे) सर्वेक्षणाच्या पुस्तकांत असते. घरातल्या कोणाही प्रौढाचे मत हवे असेल तर ती योग्य. इथे हवी होती एका ठरावीक कामाची माहिती, म्हणून नियम केला: "शेवटच्या वेळी पाणी ज्याने भरले, त्यालाच विचारा." ती व्यक्ती घरी नसेल तर वेळ ठरवून पुन्हा जायचे.

वेळेची नोंद. फॉर्ममध्ये बारा तासांचे घड्याळ होते. पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचार यांची अदलाबदल झाली. चोवीस तासांचे घड्याळ ठेवले आणि त्याआधी "पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र" असा वेगळा प्रश्न टाकला. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर फॉर्म पुढे जात नाही.

मध्यरात्र. रात्री 23:30 ला वाट पाहायला सुरुवात, पाणी 01:00 ला. वजाबाकी उणे येते. उत्तर उणे आले तर 1440 मिनिटे मिळवायची, अशी अट गणनेत घातली.

"माहीत नाही"साठी 99 हा संकेत. मिनिटांच्या प्रश्नात 99 हे खरे उत्तरही असू शकते. सगळे संकेत उणे केले: माहीत नाही -98, सांगायचे नाही -99.

गोल आकडे. लोक 15, 30, 60 अशी उत्तरे देतात आणि ते स्वाभाविक आहे. पण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त निरीक्षण कार्यक्रमात पाणी आणण्यासाठी जाऊन-येऊन, रांगेसह, 30 मिनिटांपर्यंत वेळ लागत असेल तरच सेवा "मूलभूत" धरतात. म्हणजे सगळ्यात मोठा ढीग नेमका सीमारेषेवर पडतो. 30 हे उत्तर आले की आता एक जादा प्रश्न उघडतो: "अर्ध्या तासापेक्षा थोडे जास्त की थोडे कमी?"

6 ऑगस्ट. दुसरी पूर्वचाचणी

लिटरमध्ये उत्तर कोणी देत नाही, बादल्या आणि पिंपे मोजून देतात. बादली म्हणजे किती, हे घरागणिक बदलते. भांड्यांच्या चित्रांचे पत्रक केले आणि प्रत्येक जोडीला 1 लिटरचे मापी भांडे दिले. घरातली मुख्य बादली एकदा मापाने भरून पाहायची. पाणी मोजताना सांडू नये, मोजलेले पाणी घरच्यांच्याच भांड्यात परत ओतायचे. हे प्रशिक्षणात करून दाखवावे लागते. पाण्याची वाट पाहणाऱ्या घरात पाणी सांडणे फार वाईट दिसते.

मुलाखत 40 मिनिटांवर गेली होती. ज्या उत्तराचे पुढे काय करायचे हे कोणी सांगू शकले नाही, तो प्रश्न काढला. शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न यांचा अर्धा भाग असाच गेला. वेळ 25 मिनिटांच्या आसपास आली.

11 ऑगस्ट. प्रशिक्षण

व्याख्यान कमी, सराव जास्त. तीन जण: एक विचारतो आणि फॉर्म भरतो, एक उत्तर देतो, तिसरा ऐकून स्वतःचा फॉर्म भरतो. मग दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून फरक शोधायचा. विद्यार्थी प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगू लागतात आणि सांगता सांगता उत्तर सुचवतात: "म्हणजे तासभर तरी थांबावे लागत असेल ना?" हे सरावातच पकडावे.

सुरक्षेचे नियम: कायम जोडीने, ओळखपत्र गळ्यात, अंधार पडण्याआधी काम बंद, ठरलेल्या वेळी गटप्रमुखाला निरोप. संध्याकाळी गाठायची घरे मावळतीच्या आत उरकायची. वस्तीतल्या दोन तरुणी सहसंशोधक म्हणून सोबत होत्या. त्यांचे मानधन अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहिले होते. विद्यार्थ्यांना श्रेयांक मिळतात, त्यांना मिळत नाहीत. ही ओळ शेवटी लिहिली की पैसे संपलेले असतात.

16 ऑगस्ट. मैदानात

पहिल्याच दिवशी बंद घरांचा प्रश्न आला. "बंद असेल तर शेजारचे घर घ्या" ही सवय फार खोल रुजलेली आहे. इथे तिच्यावर सक्त बंदी होती. दिवसा घरी सापडते ते घर, जिथे कोणीतरी पाण्यासाठी मागे थांबलेले असते. बंद घर म्हणजे कदाचित सगळेच कामावर गेलेले घर. ते पाणी कसे भरतात, हेच तर शोधायचे होते. शेजारचे घर घेत गेलो असतो तर वाट पाहण्याचा वेळ फुगला असता, आणि नमुन्याचा आकडा पूर्ण दिसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नसते. नियम: वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, त्यातली एक सुट्टीच्या दिवशी. त्यानंतरच "भेट झाली नाही" अशी नोंद. नकाराचा संकेत वेगळा.

20 ऑगस्ट. रोजची तपासणी

रात्री फॉर्म अपलोड झाले की तीन गोष्टी पाहतो: 12 मिनिटांच्या आत संपलेल्या मुलाखती, एकाच जोडीची एकसारखी उत्तरे, आणि "इतर" मध्ये लिहिलेला मजकूर. छोट्या मुलाखतींमागे बहुतेक वेळा लबाडी नसते. "नळ घरात आहे का" याला "हो" म्हटले की पुढचा मोठा भाग वगळला जात होता. पण घरात नळ असूनही त्याला पाणी येत नाही आणि बाहेरून भरावे लागते, अशी घरे होती. वगळण्याची अट बदलली: नळ आहे का यावर नव्हे, तर शेवटचे पाणी कुठून भरले यावर. आधी झालेल्या अशा घरांत फक्त राहिलेल्या भागासाठी पुन्हा गेलो. ही तपासणी आठवड्याअखेर केली असती, तर तीच फेरी कितीतरी पट मोठी झाली असती.

दहातल्या एका घरी दुसरी व्यक्ती जाऊन, न बदलणारे चार प्रश्न पुन्हा विचारते: कुटुंबात किती जण, शेवटी पाणी कोणी भरले, कुठून भरले, मुलाखत खरेच झाली का.

29 ऑगस्ट. गटचर्चा

गटात सहा ते दहा जण, बायकांची चर्चा वेगळी, भाडेकरूंची वेगळी. भाडेकरूंची चर्चा घरमालकाच्या ओट्यावर ठेवली होती, तिथे कोणी बोलेना. जागा बदलली आणि चर्चा सुरू झाली. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाच्या टंकलेखनाला पाच-सहा तास धरावेत. गटात एकाच वेळी अनेक जण बोलतात तेव्हा त्याहूनही जास्त. बोलणाऱ्यांचा बसण्याचा क्रम कागदावर काढून ठेवला नाही, तर कोण बोलले ते नंतर ओळखता येत नाही.

8 सप्टेंबर. माहितीची साफसफाई

देवनागरी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल स्प्रेडशीटमध्ये थेट उघडली की अक्षरांचा चुराडा दिसतो. फाइल आयात करताना यूटीएफ-8 ही अक्षरांची संकेतपद्धत निवडावी लागते. मूळ फाइलवर बदल कधीच सेव्ह करू नयेत, तिची फक्त वाचता येणारी प्रत वेगळी ठेवावी.

गल्लीचे नाव टाइप करू दिले होते, ती जागा डोकेदुखी झाली. र्‍हस्व-दीर्घाचा फरक, शेवटी राहिलेली मोकळी जागा, यामुळे एक गल्ली चार नावांनी आली. पुढच्या वेळी निवडयादीच ठेवावी. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या नोंदपत्रकात: कुटुंब क्रमांक, जुने मूल्य, नवे मूल्य, कारण, कोणी केली.

17 सप्टेंबर. कोडिंग

गटचर्चांच्या उताऱ्यांना दोघांनी स्वतंत्रपणे कोड, म्हणजे विषयाच्या खुणा, लावले. "रात्रीची भीती" या कोडवर 90 टक्के जुळणी दिसली म्हणून सगळे खूश होते. पण हा कोड दुर्मिळ आहे. शंभर उताऱ्यांत दोघांनी लावला 5 वेळा, दोघांनी लावला नाही 85 वेळा, मतभेद 10, दोन्ही बाजूंना सारखे. योगायोगानेच 82 टक्के जुळणी अपेक्षित आहे. ती योगायोगाची जुळणी वगळून उरलेली जुळणी मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा कप्पा (kappa), येतो (0.90 − 0.82) भागिले 0.18, म्हणजे 0.44. कोडची व्याख्या ढिली होती: एक जण अंधाराची भीती धरत होता, दुसरा रात्रीच्या पाण्यामुळे झोप मोडण्याचाही समावेश करत होता. दोन कोड वेगळे केले आणि सगळे उतारे नव्याने पाहिले.

26 सप्टेंबर. वस्तीत निकाल मांडला

अहवाल लिहिण्याआधी, कच्च्या रूपात. टक्केवारी काढून टाकली, "दहा घरांपैकी इतकी" असे मांडले आणि मोठ्या कागदावर ठिपके काढले. ज्या गटात पाचपेक्षा कमी घरे होती, ते गट एकत्र केले. गल्लीत एकटी राहणारी वृद्ध बाई एकच असेल, तर नाव न लिहिताही ती कोण हे साऱ्या गल्लीला कळते.

टोकाच्या गल्ल्यांना जास्त थांबावे लागते, हे अपेक्षित होते. पण मधली एक गल्ली अपवाद होती आणि आम्ही ती माहितीतली चूक समजून वगळणार होतो. तिथल्या बायकांनी नकाशावर बोट ठेवून सांगितले की त्या गल्लीचा व्हॉल्व्ह वेगळा आहे आणि तो सगळ्यात शेवटी उघडतात. म्हणजे अंतराइतकाच व्हॉल्व्ह उघडण्याचा क्रमही कारणीभूत होता. विश्लेषणात "व्हॉल्व्ह-गट" हा नवा रकाना आला आणि सगळे तक्ते पुन्हा काढले. ही बैठक अहवाल छापून झाल्यावर घेतली असती, तर चुकीचा निष्कर्ष तसाच छापला गेला असता.

4 ऑक्टोबर. हस्तांतर

रहिवाशांच्या हाती दिले ते असे: गल्लीवार वाट पाहण्याच्या वेळांचे एक पान, व्हॉल्व्हच्या क्रमाचा नकाशा आणि पाणी खात्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा. अर्जातली मागणी रहिवाशांनी ठरवली: पाणी वाढवा नव्हे, तर व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा लेखी जाहीर करा आणि क्रम आलटून-पालटून ठेवा. अर्जावर विद्यापीठाचे नाव घालायचे की नाही, यावर मतभेद झाले. अर्ज रहिवाशांच्या सह्यांनी गेला आणि सोबत अहवाल जोडला.

अर्जाचा पाठपुरावा सत्र संपल्यावरच सुरू होतो, तेव्हा हे विद्यार्थी परीक्षेत असतात. म्हणून पुढच्या वर्गातल्या दोघांना आत्ताच वस्तीत नेऊन ओळख करून दिली. प्रश्नावलीची कोरी फाइल, संकेतसूची आणि दुरुस्तीचे नोंदपत्रक त्यांच्याकडे दिले. वेळापत्रक बदलले, तर त्याच यादीतून नवा नमुना घेऊन तेच प्रश्न विचारायचे. त्याआधी घरयादी मात्र पुन्हा फिरून तपासावी लागेल, भाडेकरू बदललेले असतील.

ध्वनिमुद्रणे टंकलेखन तपासून झाल्यावर पुसली. घरांची वर्णने असलेली वही विभागात कुलूपबंद आहे, उत्तरांच्या फाइलपासून वेगळी. अर्जाचा निकाल लागेपर्यंत ती राहील, त्यानंतर दोन्ही सहसंशोधकांसमोर नष्ट करायची.